दोन कुलपांचा दवाखाना

घरात दोन भाऊ आणि दोन पक्ष, ही व्यवस्था मामंजींची. थोरल्याला त्यांनी पिवळ्या पक्षात घातलं आणि धाकट्याला जांभळ्यात, तेही दोघांना धड मिसरूड फुटायच्या आत. "सरकार कोणाचंही येऊ दे," मामंजी बाजेवर बसून सांगायचे, "आपल्या घरातला एक जण त्यात पाहिजे. मग आपल्या विहिरीची वीज कोण तोडतो ते बघू." आणि खरंच, अठरा वर्षांत कोणी तोडली नाही. निवडणूक आली की दोघे भाऊ चौकात एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, घसा बसेपर्यंत भांडायचे आणि दुपारी घरी येऊन एकाच पातेल्यातलं वाढून घ्यायचे. गावाला हे सगळं ठाऊक होतं. तरी भांडण बघायला गर्दी व्हायची, कारण दोघेही भांडायचे झकास.

या घरात वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. लग्न न झालेला धाकटा तिला वहिनी म्हणायचा, म्हणून गावही म्हणायला लागलं. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा तिला वहिनीच म्हणत. चार म्हशी, त्यांचं शेण, वैरण, दोन वेळच्या धारा आणि दोन पक्षांच्या कार्यकर्त्यांचा चहा, एवढंच तिचं राजकारण. पिवळे आले की जास्त साखर, जांभळे आले की कमी. का ते तिलाही माहीत नव्हतं, पण तसं पडलं होतं.

त्या वर्षी मात्र मामंजींच्या व्यवस्थेत पाचर बसली. राजधानीत तिसराच पक्ष निघाला. पिवळ्यांना कंटाळलेले आणि जांभळ्यांवर वैतागलेले लोक एकत्र आले आणि म्हणाले, आम्ही ना इकडचे ना तिकडचे. पक्षाचं नाव लांबलचक होतं. गावानं त्याला 'मधला' म्हणून टाकलं आणि विषय संपवला.

पहिले दोन महिने सगळे हसले. "मधला म्हणजे काय?" थोरला म्हणाला. "बाकावर मध्ये बसून बघा. दोन्हीकडून कोपरं लागतात." धाकट्यालाही हसू आवरलं नाही. मग मधल्यांनी नऊ पोटनिवडणुकांतल्या सात जिंकल्या. त्यानंतर हसण्याचा आवाज कमी झाला. रोज रेडिओवर कोणीतरी मोठा माणूस आपला पक्ष सोडून मधल्यात गेल्याची बातमी यायची, आणि मामंजी बाजेवर उठून बसायचे. निवडणूक दोन महिन्यांवर आली होती.

"मला तिसरा मुलगा हवा होता," ते एके दिवशी दोघा पोरांकडे बघून म्हणाले, जणू त्यांनीच तो लपवून ठेवला होता.

"आता या वयात कुठून आणणार?" धाकटा म्हणाला.

तेवढ्यात वहिनी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन अंगणातून गेली. मामंजींची नजर तिच्यामागून गोठ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

मधल्यांचं काम करायला या भागात गुरुजी फिरत होते. हे तेच गुरुजी, ज्यांनी दोघा भावांना शाळेत पाढे शिकवले आणि पाढे आले नाहीत तेव्हा हातावर छड्या दिल्या. आता निवृत्त झाले होते आणि एका फटफटणाऱ्या जुन्या मोपेडवरून वही घेऊन हिंडत होते. ते अंगणात उतरले तसे दोघे भाऊ नकळत उभे राहिले.

"गुरुजी, आमच्या घरातून सूनबाईचं नाव घाला," मामंजी म्हणाले.

"तिला विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? नावापुरतं तर आहे."

गुरुजी उठून गोठ्यात गेले. वहिनीचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात होते. गुरुजींना बघून ते कुठं लपवावेत हे तिला कळेना.

"पक्षात येतेस का?"

"काय करावं लागतं?" तिनं विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. महिनाभर ते दारोदार हिंडत होते आणि काय मिळेल हे सगळ्यांनी विचारलं होतं. काय करावं लागेल, हे कोणी विचारलं नव्हतं.

"घरोघर जायचं. एकच विचारायचं, तुमचं कुठलं काम अडलंय? ते सांगतील ते लिहायचं. आपण काही सांगायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच कोणाला जमत नाही, बाई."

गावातली पहिली सभासद म्हणून गावप्रमुख तीच झाली. त्या दिवशी दुपारी जेवताना दोघा भावांनी तिला "प्रमुखबाई, मीठ द्या," "प्रमुखबाई, पाणी आणा," असं म्हणून घेतलं. तिनं मीठ दिलं, पाणी आणलं. वही मात्र पिठाच्या डब्यावर, हाताशी ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या धारा काढून झाल्या की ती निघायला लागली. सातवीनंतर तिनं पेन्सिल धरली नव्हती, त्यामुळे अक्षर मोठं आणि तिरकं यायचं, एका पानावर दोनच घरं मावायची. पहिल्या घरातल्या बाईला वाटलं, ही चाळण मागायला आली. तिनं चाळण आणून हातात दिली. वहिनीनं ती घेतली आणि मग प्रश्न विचारला. बाई दारातच बसली. "आमचं काय अडलंय? थांब, सांगते," म्हणाली आणि तासभर सांगत राहिली. नवऱ्याचं घोरणंसुद्धा त्यात आलं. वहिनीनं तेही लिहिलं, कारण गुरुजींनी सांगितलं होतं, ते सांगतील ते लिहायचं.

पण आठवडाभरात तिच्या लक्षात आलं, की घोरणं, भिंत, पाझरणारा नळ हे सगळं सांगून झालं की शेवटी सगळी घरं एकाच जागी येतात. दवाखाना. तिनं हा शब्द एकोणतीस वेळा लिहिला. शेवटी शेवटी तो तिला छान गोल जमायला लागला.

हा दवाखाना गुरांचा. गावाच्या टोकाला बांधून तयार होता, आत फ्रिज होता, टेबल होतं, नळाला पाणी होतं, डॉक्टरही नेमलेला होता. फक्त तीन वर्षं उद्घाटन झालं नव्हतं. पिवळे म्हणत, आमच्या साहेबांनी आणला, फीत तेच कापणार. जांभळे म्हणत, मंजुरी आमच्या बाईंची, फीत त्याच कापणार. चोरून कोणी कापू नये म्हणून दोघांनीही दाराला आपापलं कुलूप घातलं, एक वरच्या कडीला, एक खालच्या. किल्ल्या गावातल्या विश्वासू कार्यकर्त्यांकडे दिल्या. म्हणजे एक थोरल्याकडे आणि दुसरी धाकट्याकडे. म्हणजे तीन वर्षं त्या दोन्ही किल्ल्या वहिनीच्या घरात, एकाच भिंतीवर, वीतभर अंतरावरच्या दोन खुंट्यांना लटकत होत्या. ती भिंत वहिनी रोज झटकायची.

वही भरली त्याच आठवड्यात गावात गुरांचा लाळ्या रोग शिरला. आधी सुताराच्या बैलाला. बैल उभा होता, तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या, जिभेवर फोड, पुढ्यातल्या हिरव्या चाऱ्याकडे बघत होता आणि खाता येत नव्हतं. मग तिसऱ्या घरातल्या गाईला. ती खुरांच्या बेचक्या चिघळल्यामुळे एक पाय उचलायची, तो टेकवून दुसरा उचलायची, दिवसभर असंच. ऊन मी म्हणत होतं, माशा घोंघावत होत्या, आणि घराघरातून फिनेलच्या पाण्याचा वास येत होता. वहिनीच्या चार म्हशींतली भुरी पोटात रेडकू घेऊन जड झाली होती. वहिनी तासातासाला जाऊन तिच्या जबड्यात हात घालून बघायची. भुरी वैतागायची.

सुताराला सोबत घेऊन ती शहरातल्या कचेरीत डॉक्टरला भेटायला गेली. डॉक्टर तरुण होता आणि तीन वर्षं कागद लावून लावून पार कंटाळला होता.

"लस आहे," तो म्हणाला. "हवी तेवढी आहे. पण ती थंडच ठेवावी लागते. या उन्हात पेटीतला बर्फ किती टिकणार? तुमच्या गावात फ्रिज आहे ना, सरकारी?"

"आहे. कुलपात आहे."

"मग कुलूप उघडा. मी तासाभरात येतो."

संध्याकाळी तिनं थोरल्याला किल्ली मागितली. तो दाढी करत होता. "ती पक्षाची किल्ली आहे," तो गालाला साबण लावत म्हणाला, "माझी नाही. वरून विचारावं लागेल."

"मग विचारा."

"निवडणुकीच्या तोंडावर कोण ऐकतंय? आणि आपण आधी उघडलं तर जांभळे म्हणतील, घाबरले."

धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, तुझ्यासाठी जीव देईन. पण दादानं आधी काढू दे."

"दोघं एकदम काढा की."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसले. घरात बाईमाणूस काहीतरी भाबडं बोललं की पुरुष हसतात, तसलं ते हसणं. वर थोरला म्हणाला, "तू नावापुरती प्रमुख आहेस गं, एवढं मनावर घेऊ नकोस."

वहिनीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती चिडली की बोलायची नाही, भांडी घासायची. त्या दिवशी तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

सकाळी दोघे भाऊ विहिरीवर अंघोळीला गेले. वहिनीनं दोन्ही खुंट्यांवरच्या किल्ल्या काढल्या, झाडू घेतला आणि भर रस्त्यातून चालत निघाली. चाळणवाली बाई दारातच होती. "कुठं?" तिनं विचारलं. "दवाखाना झाडायला," वहिनी म्हणाली. बाईनं आपला झाडू आणला. दवाखान्यापर्यंत जाईतो अकरा बायका झाल्या आणि अकरा झाडू.

उजव्या खुंटीवरची थोरल्याची, म्हणजे पिवळ्यांची. ती तिनं वरच्या, पिवळ्यांच्या कुलपात घातली. फिरेना. तेल घातलं, फिरेना. दुसरी खालच्या कुलपात घातली, तीही फिरेना. नऊ बायकांनी नऊ सल्ले दिले, दहावी म्हणाली दगड घालूया. वहिनी घामाघूम झाली. इतक्या थाटात रस्त्यातून आलो, आता माघारी कोणत्या तोंडानं जायचं, असं तिला झालं. वैतागून तिनं किल्ल्या उलट्यापालट्या करून बघितल्या. खट्. खट्. दोन्ही कुलपं उघडली.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग वहिनीला आठवलं, की दोन वर्षांपूर्वी भिंतीला चुना लावताना दोन्ही किल्ल्या तिनंच काढल्या होत्या आणि तिनंच परत टांगल्या होत्या. म्हणजे दोन वर्षं थोरला जांभळ्यांची किल्ली जिवापाड जपत होता आणि धाकटा पिवळ्यांची. तिनं हे सांगितलं तेव्हा बायका दवाखान्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसल्या. वहिनीही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

आत फ्रिजवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. पालींनी संसार थाटला होता. बायकांनी जाळी काढली, फरशी धुतली, फ्रिजचं बटण दाबलं. तो एकदा थरथरला आणि घुर्रर्र करत चालू झाला. अकरा बायका त्याच्यासमोर उभ्या राहून तो आवाज ऐकत होत्या.

डॉक्टर दुपारी बर्फाची पेटी घेऊन आला. "उद्घाटन कोणी केलं?" त्यानं आत पाऊल टाकताना बिचकून विचारलं.

"झाडूनं," चाळणवाली म्हणाली.

त्याला एवढं पुरलं. तिसऱ्या प्रहरापासून गुरं यायला लागली. पिवळ्यांची आली, जांभळ्यांची आली. रांगेत सगळ्यांच्या अंगाला वास सारखाच येत होता. थोरला आणि धाकटा संतापानं लालबुंद होऊन धावत आले होते, पण दारात पाऊल टाकतायत तोच एक खोंड दावं तोडून उधळला. दोघांनी मिळून त्याला शिंगांना धरलं, आणि मग डॉक्टर म्हणाला, "तुम्हीच धरा, तुम्हाला जमतं." संध्याकाळपर्यंत दोघे भाऊ खोंड, कालवडी, बैल धरत होते. रागवायला सवडच मिळाली नाही. थोरल्याच्या पायावर एका गाईनं पाय दिला, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, तरी तो हटला नाही. सुताराचा बैल आला तेव्हा त्यानं स्वतः त्याचा जबडा उघडून धरला आणि लाळेनं भरलेला हात तसाच ठेवून कितीतरी वेळ त्या जिभेकडे बघत राहिला.

शेवटी वहिनी भुरीला घेऊन गेली. डॉक्टरनं पोटावर हात फिरवला. "हिला आत्ता नको. दिवस भरत आलेत. व्याली की लगेच देऊ. तोवर बाकीच्यांपासून लांब बांधा." म्हणजे साऱ्या गावाच्या गुरांना लस मिळाली आणि जिच्यासाठी वहिनीचा जीव खालीवर होत होता ती तशीच राहिली. वहिनीनं तिला घरी आणून गोठ्याऐवजी ओसरीत बांधलं, जिथं पक्षांच्या बैठका व्हायच्या तिथंच. भुरी पुढं सुखरूप व्याली, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. उगाच जीव टांगणीला नको.

दिवेलागणीला दोघांच्या फोनवर दोन निरोप आले. पिवळ्यांनी थोरल्याला काढलं होतं आणि जांभळ्यांनी धाकट्याला. दोन्ही निरोप एकेका ओळीचे होते. थोरल्यानं आपली ओळ तीनदा वाचली.

"अठरा वर्षं," तो म्हणाला. "नाव तरी नीट लिहायचं. काना चुकलाय."

मामंजी बाजेवर सुन्न बसले होते. दोन पोरं, एकही पक्ष नाही. घरात आता उरली होती ती नावापुरती ठेवलेली. ते वहिनीकडे वळून म्हणाले, "विजेचं बघशील ना गं?" वहिनी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मंगळवारी संध्याकाळी दोन गाड्या दारात आल्या. पाठोपाठ गुरुजींची मोपेड आली. गुरुजींचा चेहरा पडलेला होता. गाडीतून पांढऱ्या कपड्यातली तीन माणसं उतरली, ओसरीत आली, आणि समोर म्हैस बघून थबकली. भुरीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवलं. शेवटी तिघंही तिच्या शेपटीच्या बाजूला, अंग चोरून बसली.

मधल्यांचा उमेदवार ठरला होता. पिवळ्यांचे मोठे साहेब परवाच मधल्यात आले होते, आणि तिकीट त्यांनाच मिळालं होतं.

"म्हणजे ज्यांनी कुलूप लावायला सांगितलं तेच?" थोरल्यानं विचारलं.

"निवडून येईल असा माणूस पाहिजे, म्हणतात वरचे," गुरुजी जमिनीकडे बघत म्हणाले.

"साहेब गुरुवारी येतायत," पांढऱ्या कपड्यांतला पुढारी म्हणाला. "दवाखान्याचं रीतसर उद्घाटन करतील. फीत, फोटो, भाषण. फक्त उद्या सकाळपासून तो बंद पाहिजे. उघड्या दवाखान्याचं उद्घाटन कसं करणार? एक दिवसाचा तर प्रश्न आहे." मग आवाज खाली आणून तो थोरल्याला म्हणाला, "वहिनींना समजावा. बायकांच्या जातीला हे पद झेपायचं नाही. कुलूप लावून किल्ल्या साहेबांच्या हातात द्या, गावप्रमुख तुम्ही. अठरा वर्षांचा अनुभव आहे तुमचा, साहेबांना माहितीय."

वहिनी भुरीच्या पलीकडे बादली घेऊन उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. बुधवारी पलीकडच्या वस्तीची गुरं येणार होती. तिथं लाळ्या नुकताच लागला होता. एक दिवस गेला तर चार घरांच्या जागी चाळीस घरांत शिरला असता. तिनं थोरल्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो अंगठ्याचं काळं नख खाजवत होता.

"बघतो," तो म्हणाला.

गाड्या गेल्या. गुरुजी मागे रेंगाळले. "मी राजीनामा देणार होतो," ते वहिनीला म्हणाले. "मग वाटलं, मी गेलो तर तुझी वही वाचणार कोण?" आणि मोपेडला लाथा मारत गेले.

"काय ठरवलंत?" वहिनीनं नवऱ्याला विचारलं.

"वैरण टाकली का?" तो म्हणाला आणि गोठ्यात निघून गेला. तिला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं. पण दहा वर्षांच्या संसारात तिला एक कळलं होतं, की हा माणूस अडचणीच्या वेळी वैरणीबद्दल बोलतो.

बुधवारी उजाडता उजाडता ती धारेला उठली आणि तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. दोन्ही खुंट्या रिकाम्या होत्या. थोरला अंथरुणात नव्हता, धाकटाही नव्हता. तिनं बादली तिथंच टाकली आणि पळत सुटली. पायात चपला नाहीत, डोक्याला फडकं नाही. रस्त्यात तिला वस्तीची गुरं दिसली, मालकांसकट, हळूहळू चालत येणारी. त्यांना काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, याची ती पळता पळता जुळवाजुळव करत होती. तिला रडू येत होतं आणि नवऱ्याची कीव येत होती आणि त्याचा गळा दाबावासाही वाटत होता.

दवाखान्याला कुलूप नव्हतं. कुलूप लावायला दारच नव्हतं.

दाराच्या दोन्ही फळ्या बिजागऱ्यांतून काढून जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. सुतार त्यांच्यावर गुडघा टेकून पट्टी ठोकत होता, आणि दोघे भाऊ चार खांबांसाठी खड्डे खणत भांडत होते.

"इकडं घे म्हटलं ना! गाय काय उडी मारून आत शिरणार?"

"गाय मला शिकवू नकोस. तू पिवळ्यांत होतास, तुला सरळ खड्डा कधी जमला?"

डॉक्टरला गुरं अडकवायला खोडा हवा होता. दाराच्या फळ्या त्याला अगदी मापात बसत होत्या. थोरल्यानं वहिनीला पाहिलं, तिचे अनवाणी पाय पाहिले आणि त्याला सगळं कळलं.

"तुला वाटलं, मी कुलूप लावायला आलो."

तिला धाप लागली होती.

"रात्रभर विचार केला," तो पहार टेकवून म्हणाला. "किल्ली माझ्याकडे राहिली तर कधीतरी मी लावेनच. मला सवय आहे. म्हणून म्हटलं, दारच नको." मग म्हणाला, "किल्ल्या विहिरीत टाकल्या. दोन्ही. आता कोणती कोणाची, ते भांडण मिटलं."

वहिनीला वाटलं, इथं सगळ्यांसमोर याचा हात धरावा. धरला नाही. पण त्याच्या हातातली पहार घेतली आणि उरलेला खड्डा तिनं खणला, आणि तो बाजूला उभा राहून तिला खणताना बघत राहिला. वस्तीची गुरं आली तेव्हा खोडा तयार होता.

गुरुवारी साहेब आले. चार गाड्या, दोन फोटोवाले, कात्री ठेवायचं ताट. फीत बांधायची कुठं हा मोठाच प्रश्न पडला. चौकटीला बांधली, तर ती ओलांडून डॉक्टर सारखा आतबाहेर करत होता आणि दर वेळी वाकून "माफ करा" म्हणत होता. शेवटी साहेबांनी स्वतःच फीत सोडून खिशात घातली. साहेब मुरलेले होते; त्यांनी पटकन एका कालवडीचं दावं हातात घेतलं आणि फोटो काढून घेतला. कालवडीनं त्यांच्या पांढऱ्या विजारीला नाक पुसलं. गाव खदखदून हसलं आणि साहेबही हसले. एवढं मात्र मान्य करायला हवं, की माणूस हसायला कमी पडला नाही.

मग सभा. झाडाखाली लोक जमिनीवर बसले. समोर दोनच खुर्च्या होत्या, एक साहेबांची आणि शेजारची गावप्रमुखाची. साहेब बसले, त्यांनी ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीवर थोपटलं.

"या, या. अठरा वर्षांची आपली ओळख. बसा इथं."

सगळं गाव थोरल्याकडे बघायला लागलं. तो पुढं झाला. वहिनी मागे, बायकांच्या घोळक्याच्या कडेला उभी होती. तिच्या काखेत वही होती. बसू दे, तिनं मनाशी म्हटलं. दार तर निघालंय. तरीही तिला छातीत कुठंतरी लागलं.

थोरल्यानं खुर्ची उचलली. साहेबांना वाटलं, तो ती जवळ सरकवतोय. पण तो ती घेऊन लोकांमधून वाट काढत निघाला. अंगठा दुखत होता म्हणून जरा लंगडत होता. कोणाच्या डोक्याला पाय लागला, कोणी "अरे बघून," म्हटलं. तो थेट मागे आला, खुर्ची वहिनीसमोर ठेवली, हातानं तिची बैठक झटकली, आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "प्रमुखबाई, बसा. काय लिहून आणलंय ते वाचा. साहेब ऐकतायत."

आज त्या 'प्रमुखबाई'वर कोणी हसलं नाही. मामंजींनी बसल्या जागेवरून आपल्या शेजारच्याला कोपर मारलं आणि "माझी सून," म्हणाले, जसं काही तो परगावचा होता.

वहिनी बसली. नवऱ्याच्या समोर, सासऱ्याच्या समोर, सगळ्या गावाच्या समोर ती खुर्चीत बसली होती आणि नवरा शेजारी उभा होता. तिनं वही मांडीवर उघडली, आणि तेव्हा तिला कळलं, की पहाटेपासून आपण एकदाही टेकलो नव्हतो. मग तिनं पाय जरा लांब केले आणि पहिल्या घरापासून वाचायला सुरुवात केली.